कोर्टात न जाणारा वकील नेमकं करतो काय?

दिवाळी आटोपली तशी एका सकाळी समोरच्या फ्लॅटमधले भाऊ चहाला आले. चेहरा जरा उतरलेला. मुलगी कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मिहानमधल्या एका कंपनीत ‘लीगल’ला लागणार होती. पगार चांगला, न्यायला-आणायला गाडी. तरी भाऊंना एक गोष्ट सलत होती. "ताई, पोट्टी वकील झाली अन् कोर्टात जायचंच नाही म्हनते. मंग काळा कोट कायले शिवला?"

या शहरात हा प्रश्न पडणं साहजिक आहे. नागपूरकरांचा वकील म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात किंवा जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात फायली घेऊन धावणारा माणूस. त्यातच ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की कंपनीत नोकरी करणाऱ्या वकिलाला कोर्टात वकिली करणाऱ्यासारखं गोपनीयतेचं संरक्षण मिळणार नाही. पेपरातली बातमी वाचून भाऊंचा गोंधळ आणखी वाढला. मी स्वतः अकरा वर्षं बुटीबोरीतल्या एका कारखान्याच्या कायदा विभागात काढली. तेव्हा भाऊंना जे सांगितलं, तेच इथे नीट मांडते.

आधी माणसं ओळखू

कंपनीच्या आसपास कायद्याची तीन माणसं दिसतात आणि लोक तिघांची गल्लत करतात. पहिला बाहेरचा वकील. त्याच्याकडे बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना असतो, तो कोर्टात उभा राहतो, बिल पाठवतो आणि पुढच्या अशिलाकडे वळतो. दुसरा कंपनी सेक्रेटरी. संचालकांच्या सभा, ठराव, रजिस्टर आणि सरकारदरबारी भरायचे फॉर्म ही त्याची जबाबदारी. तिसरा कंपनीच्या पगारावर असलेला वकील. मोठ्या कंपनीत अशांचा एक विभाग असतो आणि त्याच्या प्रमुखाला जनरल कौन्सेल म्हणतात. आपल्याकडे बोलण्यात ‘लीगल हेड’ किंवा नुसतं ‘लीगलवाले साहेब’. या लेखात मी त्याला मुख्य विधी अधिकारी म्हणेन.

यातला बारकावा भाऊंना ठाऊक नव्हता. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. हिमाचल प्रदेशात वीज मंडळाच्या एका विधी अधिकाऱ्याची सनद याच कारणाने रद्द झाली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्दच ठेवली. म्हणजे भाऊंच्या मुलीने कोर्टात न जाणं हा तिच्या आवडीनिवडीचा भाग नाही, नियमच तसा आहे.

ताट्या मार्चमध्ये बदलायच्या असतात

मग ही माणसं करतात काय? नागपूरकराला कूलरचं उदाहरण पटकन कळेल. होळीच्या सुमारास शहाणा माणूस कूलर खाली काढतो, टाकी घासतो, पंप चालवून बघतो, जुन्या ताट्या काढून नव्या बसवतो. जो मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा पंचेचाळीसला गेल्यावर जागा होतो, त्याला मेकॅनिक सापडत नाही आणि सापडला तर म्हणेल तो भाव द्यावा लागतो. बाहेरचा वकील हा मेमधला मेकॅनिक आहे. उत्तम असेल, पण बिघाड झाल्यावर येतो. कंपनीतल्या वकिलाचं काम मार्चमधलं.

पूर्वी त्याला हे काम कुणी देत नसे. नोटीस आली की ती वकिलाकडे पोचवायची, तारखांची डायरी ठेवायची, जमिनीचे कागद कपाटात जपायचे, एवढीच अपेक्षा. एका परीने कंपनीतलं पोस्ट ऑफिस.

बदलाची सुरुवात अमेरिकेत झाली. १९८७ साली बेन हाइनमन जनरल इलेक्ट्रिक कंपनीत मुख्य विधी अधिकारी म्हणून आले. बाहेरच्या नामांकित फर्ममधले अनुभवी वकील त्यांनी कंपनीत आणले आणि धंद्याचा निर्णय होत असतानाच त्या टेबलावर वकील बसवला. ‘हे कायदेशीर आहे का’ इथे सुरू झालेला विचार ‘हे योग्य आहे का’ इथपर्यंत गेला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे २००१ मध्ये एन्रॉन ही बडी ऊर्जा कंपनी कोसळली आणि हिशेबातली लबाडी वेळेत कुणी का थांबवली नाही, हा प्रश्न लेखापरीक्षकांबरोबर वकिलांनाही विचारला गेला.

आपल्याकडे तो धक्का ७ जानेवारी २००९ ला बसला. सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड अस्तित्वातच नाही. त्यानंतर आलेल्या कंपनी कायदा २०१३ ने संचालकांकडून एक लेखी विधान मागायला सुरुवात केली: कंपनीला लागू असणाऱ्या सगळ्या कायद्यांचं पालन व्हावं अशी व्यवस्था आम्ही केली आहे आणि ती नीट चालते आहे. ‘सगळ्या’ या शब्दावर जरा थांबा. फॅक्टरी, प्रदूषण, कामगार, कर, वजनमापं, सगळं त्यात आलं. संचालकाने अशा कागदावर सही करायची तर ‘आपण सगळं पाळतो ना?’ असं तो कुणाला तरी विचारणारच. ज्याला विचारायचं, त्याचं वजन त्या दिवसापासून वाढलं.

त्यानंतर कामाचा वेगही बदलला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला महत्त्वाची घटना आतून घडली तर बारा तासांत आणि बाहेरून आली तर चोवीस तासांत बाजाराला कळवावी लागते. रात्री नऊला कारखान्यात काही घडलं, तर ते ‘महत्त्वाचं’ आहे की नाही हे सकाळच्या आत ठरवायचं. वैयक्तिक डेटा जपण्यात हयगय केली तर २०२३ च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्याच महिन्याच्या २१ तारखेला २९ जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. हे सगळं बाहेरच्या वकिलाला फोन करून, वेळ घेऊन विचारत बसणं शक्य नाही.

पिवळ्या चिठ्ठीची गोष्ट

हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते मी माझ्या टेबलावर पाहिलंय.

संध्याकाळी सव्वासहाला एक फाइल आली. वर पिवळी चिकटचिठ्ठी: ‘अर्जंट. मॅडम, फक्त सही.’ आत बासष्ट पानांचा पुरवठ्याचा करार. खरेदीदार मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुण्याहून सही करायला येणार होती. मी वाचायला बसले. साडेआठच्या सुमारास चौदावं कलम समोर आलं: माल द्यायला उशीर झाला तर दर आठवड्याला किमतीच्या एक टक्का कपात. त्यात वावगं काही नाही, असं कलम सगळीकडे असतं. पण ही कपात कुठेतरी थांबायला हवी, बहुतेक करारांत ती पाच-दहा टक्क्यांवर थांबते. इथे थांबतच नव्हती.

मी विक्री विभागाच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, भाव ठरला, हात मिळाले. आता हा विषय काढला तर पार्टी बिथरेल. आपण कधी उशीर करतो का?" मी नोटशीटवर धोका लिहिला आणि सही केली.

पावसाळ्यात परदेशातून येणारा एक सुटा भाग बंदरावर अडकला. एकोणीस आठवडे गेले. एकोणीस टक्के कापले गेले आणि त्या कामात आमचा नफा त्याच्या निम्माही नव्हता. आढावा बैठकीत पहिलं वाक्य आलं, "लीगलने पाहिलं होतं ना?"

ते वाक्य मला आजही आठवतं. माझा शेरा फाइलीत होता, पण बैठकीतल्या कुणी ती फाइल उघडली नव्हती. तीन आठवडे आधी, भावाची बोलणी चालू असताना मला तिथे बसवलं असतं, तर ‘जास्तीत जास्त पाच टक्के’ एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि समोरचा खरेदीदार हो म्हणाला असता, कारण तेव्हा त्यालाही सौदा हवा होता. मुख्य विधी अधिकाऱ्याचा दर्जा वाढला, तो नेतृत्वात आला वगैरे जे आपण वाचतो, ते माझ्या मते या एकाच गोष्टीवर मोजावं: त्याला विचारतात कधी? फाइलीवर पिवळी चिठ्ठी लागल्यावर, की त्याच्या तीन आठवडे आधी?

खुर्ची कुठे आहे?

नेमकं इथेच आपला कायदा गप्प आहे. कंपनी कायद्यात ‘प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी’ कोण याची यादी आहे. व्यवस्थापकीय संचालक किंवा सीईओ, पूर्णवेळ संचालक, वित्त प्रमुख, कंपनी सेक्रेटरी. मुख्य विधी अधिकाऱ्याचं नाव त्यात नाही. संचालक मंडळाला वाटलं तर ते त्याला या दर्जावर घेऊ शकतात, पण सक्ती नाही. त्यामुळे एका कंपनीत तो थेट सीईओशी बोलतो, तर दुसरीत वित्त प्रमुखाच्या हाताखाली, कधी मनुष्यबळ विभागाच्याही खाली असतो. पद एकच, वजन मात्र पायरीप्रमाणे बदलतं.

पायरी चुकली की काय होतं, याचं फार दुःखद उदाहरण जनरल मोटर्सचं आहे. त्यांच्या काही गाड्यांत किल्लीचं स्विच चालत्या गाडीत सरकायचं. इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅग उघडायची नाही. अपघातग्रस्तांचे दावे कंपनीच्या वकिलांकडे येत होते आणि ते एकेक दावा तडजोडीने मिटवत होते. हे प्रकरण भारी पडेल, असा इशारा बाहेरच्या वकिलांनीही दिला होता. पण वकिलांच्या विभागातली ही माहिती त्यांच्याच प्रमुखापर्यंत फेब्रुवारी २०१४ पर्यंत पोचली नाही, असं त्या वर्षी जूनमध्ये जाहीर झालेल्या चौकशी अहवालात म्हटलं आहे. पंधरा कर्मचाऱ्यांना घरी जावं लागलं आणि त्यांत वकीलही होते. नंतर भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

प्रत्येक दावा सुटा पाहिला तर त्या वकिलांनी आपलं काम चोख केलं होतं. सगळे दावे शेजारी ठेवून ‘अरे, हे एकाच स्विचमुळे होतंय’ असं कुणी वर जाऊन म्हटलं नाही. ते म्हणणं हे मुख्य विधी अधिकाऱ्याचं खरं काम आहे.

"पगार कंपनी देते, मग मालकाला ‘नाही’ कसं म्हणणार?"

भाऊंनी हे विचारलंच. रास्त शंका आहे आणि तिचं पुरतं निरसन होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक फरक समजून घेऊ. एकत्र कुटुंबाची शंभर एकर संत्र्याची बाग आहे आणि कारभार मोठा भाऊ बघतो. बागेसाठी नेमलेला वकील मोठ्या भावाचा असतो की बागेचा? बागेचा. मोठा भाऊ त्यातला तुकडा गुपचूप स्वतःच्या नावावर करायला निघाला, तर वकिलाने बाकीच्यांना सांगायलाच हवं. तसंच कंपनीच्या वकिलाचं अशील कंपनी असते. एमडी तिच्या वतीने बोलतो, इतकंच.

अमेरिकेने एन्रॉननंतर हे नियमात बांधलं. शेअर बाजारातल्या कंपनीच्या वकिलाला गंभीर उल्लंघनाचा पुरावा दिसला, तर त्याने मुख्य विधी अधिकाऱ्याला किंवा सीईओला सांगायचं. त्यांनी योग्य ते केलं नाही, तर थेट लेखापरीक्षण समितीपर्यंत किंवा संचालक मंडळापर्यंत जायचं. आपल्याकडे कंपनीतल्या वकिलासाठी अशी बांधलेली पायवाट नाही. म्हणून माझा आग्रह असतो, की नेमणूकपत्रातच लिहून घ्यावं: गरज पडल्यास मला संचालक मंडळासमोर बोलता येईल आणि माझी नेमणूक किंवा हकालपट्टी मंडळाच्या संमतीनेच होईल. एवढ्या दोन ओळींनी त्याच्या ‘नाही’ला बळ येतं.

दुसरा आक्षेप नेमका उलटा असतो: "लीगल म्हणजे सगळ्यात खोडा." काही ठिकाणी हे खरंही आहे. नुसतं ‘कायद्यात बसत नाही’ असं लिहून फाइल परत करणारे वकील मी पाहिलेत. असं करणारा स्वतःला वाचवतो, कंपनीला नाही. रस्ता बंद आहे एवढं सांगून भागत नाही, वर्धा रोड बंद असेल तर आउटर रिंग रोडने कसं जायचं तेही सांगावं लागतं.

३१ ऑक्टोबरचा निकाल: ढाल कुणाला?

आता बातमीकडे. एका विमा कंपनीच्या शेअर योजनेवर कायदेशीर मत दिलं म्हणून ईडीने ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवलं होतं. देशभर ओरड झाली, समन्स मागे घेतलं गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून विषय हाती घेतला. तीन न्यायमूर्तींच्या या पीठाचे प्रमुख होते तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वकिली केलेले. न्यायालयाने तपास यंत्रणांना बजावलं, की अशिलाची माहिती काढायला वकिलाला सहजासहजी बोलावता येणार नाही. कायद्यातल्या अपवादात बसत असेल तरच, आणि तेही पोलीस अधीक्षक दर्जाच्या किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच.

कोर्टात वकिली करणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे. त्याच निकालात कंपनीतल्या वकिलांचा प्रश्न आला. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ म्हणतं, की अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं वकिलाने उघड करू नये. न्यायालयाचं म्हणणं असं, की हे संरक्षण कोर्टात वकिली करणाऱ्यांसाठी आहे. पगारी वकील वकिली करत नाही, तो मालकावर आर्थिकदृष्ट्या अवलंबून असतो, म्हणून त्याला ते लागू नाही. कलम १३४ मधलं थोडं संरक्षण त्याला मिळतं. कंपनीच्या बाहेरच्या कायदा सल्लागाराशी त्याने जे बोलणं केलं, ते सुरक्षित. पण कंपनी आणि तो यांच्यातलं आपसातलं बोलणं सुरक्षित नाही.

आईने मुलाला डॉक्टरकडे निरोप घेऊन पाठवलं अशी कल्पना करा. मुलगा दवाखान्यात डॉक्टरला जे बोलला ते झाकलेलं. घरी निघण्यापूर्वी मायलेकांत स्वयंपाकघरात जे बोलणं झालं ते उघडं. कंपनीतला वकील हा तो मुलगा.

जगात यावर दोन वाटा आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या अपजॉन खटल्यात कंपनीच्या मुख्य विधी अधिकाऱ्याने केलेल्या अंतर्गत चौकशीलाही संरक्षण दिलं. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात, युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक तपासात ते नाकारलं. आपण युरोपच्या वाटेवर आहोत.

न्यायालयाचा तर्क मला समजतो. पगार थांबेल या भीतीखाली असलेला माणूस आणि स्वतंत्र वकील यांत फरक आहेच. परिणामांची मात्र मला काळजी वाटते. अधिकारी माणूस ईमेलवर ‘सर, इथे आपण चुकतोय का?’ असं विचारायला कचरेल, कारण तोच ईमेल उद्या धाडीत निघू शकतो. मग तो विचारणारच नाही, किंवा फार उशिरा विचारेल. पिवळ्या चिठ्ठ्या वाढतील. एकीकडे कायदा म्हणतो सगळं वेळेत पकडा, आणि दुसरीकडे ज्याने ते पकडायचं आहे त्या वकिलाशी मोकळेपणाने बोलणं धोक्याचं होतं.

व्यवहारात यातून एवढं ठरतं: नाजूक विषय असेल, मग ती चौकशी असो, फसवणुकीचा संशय असो की अपघात, पहिल्या दिवसापासून सनद असलेला बाहेरचा वकील सोबत घ्यावा. ईमेलवर ‘गोपनीय’ असा शिक्का मारल्याने ती गोपनीय होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कायदेशीर मत मागू नये. आणि जे लिहायचं ते उद्या न्यायाधीशासमोर वाचलं जाईल असं समजून लिहावं, म्हणजे वस्तुस्थिती लिहावी, अंदाज नाही.

हिंगण्यातल्या छोट्या कारखान्याला हे कशाला?

तीस कामगारांच्या शेडला मुख्य विधी अधिकारी नेमणं परवडणार नाही, नेमूही नये. पण कायदा त्याला सोडत नाही. दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. उलट बाजूने, मोठ्या खरेदीदाराने नोंदणीकृत लघुउद्योजकाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडकवले, तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. हा हक्क कित्येकांना ठाऊक नाही आणि ठाऊक असलेले मागत नाहीत. महिन्यातून दोन तास एखाद्या सनदधारक वकिलाला कारखान्यात बसवलं आणि नव्या ऑर्डरचे कागद सहीआधी दाखवले, तरी खूप काही टळतं. शिवाय तो बाहेरचा असल्यामुळे त्याच्याशी झालेलं बोलणं कलम १३२ खाली येतं. इथे छोटा उद्योजक मोठ्या कंपनीपेक्षा जास्त सुरक्षित आहे.

भाऊंनी शांतपणे ऐकलं. चहाचा दुसरा कप झाला. संध्याकाळी मुलगी स्वतः आली, नेमणूकपत्र घेऊन. आम्ही ते दोघींनी ओळीओळीने वाचलं. ‘रिपोर्टिंग टू’ समोर वित्त विभागाच्या उपप्रमुखांचं नाव होतं. मी त्यावर पेन्सिलने गोल केला. तिने विचारलं, "मावशी, रुजू व्हायच्या आधी हे विचारलं तर चालेल?" मी म्हटलं, आत्ताच विचार. आणि महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलला पाठवायचा सनद स्थगितीचा अर्ज तिने तिथेच, माझ्या जेवणाच्या टेबलावर लिहायला घेतला.